पुसणे

'पुसणे' म्हटलं की आजच्या मुलांना फळा, पाटी, लादी आठवते. अशा मुलाच्या हाती ज्ञानेश्वरी दिली की पहिल्यांदा तो गोंधळतो, कारण तिथे अर्जुन देवाला सारखं काहीतरी पुसत असतो! तेराव्या शतकातल्या मराठीत 'विचारणे' या अर्थाचं रोजचं क्रियापद 'पुसणे' हेच होतं. लीळाचरित्रात तर पानोपानी 'पुसिलें' भेटतं. चक्रधरस्वामींना कोणी काही पुसतं, मग स्वामी उत्तर देतात. निम्मा ग्रंथ त्या एका क्रियापदावर उभा आहे म्हटलं तरी चालेल.

गंमत अशी की हे एक क्रियापद नव्हेच, दोन आहेत. एक संस्कृत 'प्रच्छ्' पासून आलेलं, प्राकृतात 'पुच्छइ'. दुसरं 'प्रोंछ्' पासून आलेलं, म्हणजे स्वच्छ करणे. मराठीला 'च्छ' चा 'स' करायची जुनी खोड आहे. मच्छचा मासा झाला, गुच्छचा घोस झाला, तसंच पुच्छचं पुस झालं आणि पोंछचंही पुसच झालं. हिंदीत 'पूछना' आणि 'पोंछना' वेगळे राहिले. गुजरातीत 'पूछवुं' आणि 'लूछवुं' वेगळे आहेत. आपल्याकडे मात्र दोघे एकाच कपड्यात फिरू लागले. मोल्सवर्थच्या कोशात (पहिली आवृत्ती 1831, दुसरी 1857) दोन्ही अर्थ दिलेले आहेत. म्हणजे एकोणिसाव्या शतकापर्यंत दोघांचा संसार एकाच घरात चालू होता.

मग एकाला घर सोडावं लागलं. माझा आपला अंदाज असा, की "मी त्याला पुसलं" म्हटल्यावर ऐकणाऱ्याला क्षणभर फडकं दिसायला लागलं असेल. त्यात घरोघरी शेणानं सारवलेली जमीन जाऊन लादी आली. सारवणं गेलं, पुसणं रोजचं झालं. फडक्याचं काम वाढलं आणि प्रश्नाचं काम दुसऱ्याकडे गेलं.

तो दुसरा म्हणजे 'विचारणे'. जुन्या मराठीत याचा अर्थ विचार करणे, मनात घोळवणे असा होता. हिंदीत 'विचारना' म्हणजे आजही मनाशी विचार करणेच. मराठीने मात्र मनातला विचार तोंडावर आणून समोरच्याला भिडवला. कोकणीतही तेच झालेलं दिसतं. 'विचारप' म्हणजे विचारणे, आणि 'पुसप' फडक्याकडे. 'विचार' च्या पोटात 'चर्', म्हणजे चालणे-फिरणे आहे. स्कॉटलंडच्या बोलीत 'स्पीर' असं एक जुनं क्रियापद आहे, अर्थ विचारणे. तेही मुळात माग काढणे, पावलांच्या खुणांवरून जाणे यातून आलेलं. प्रमाण इंग्रजीतून ते गेलं, स्कॉट लोकांनी ठेवलं. इकडे काय नि तिकडे काय, माणूस आधी पायाने शोधतो, मग तोंडाने विचारतो.

पण 'पुसणे' पूर्ण मेलं का? नाही. 'विचारपूस' मध्ये नवा आणि जुना हातात हात घालून बसलेत. आणि दुसरी जागा म्हणजे "त्याला कोण पुसतो?" हे वाक्य. इथे "कोण विचारतो?" म्हटलं तरी चालतं, पण ती धार येत नाही. यातला 'पुसतो' प्रश्न विचारत नाही, किंमत करतो. म्हातारपणी कोणी पुसत नाही म्हणतात ते याच अर्थाने.

तिसरी जागा कोर्टात आहे. आमच्या ओळखीच्या वकिलांच्या तोंडी 'पुरसीस' हा शब्द सतत असतो. पक्षकाराने न्यायालयाला काही कळवण्यासाठी दिलेला लेखी कागद म्हणजे पुरसीस. हा फारसी 'पुर्सिश', अर्थ विचारणा. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी कचेरीतली फारसी पुरती हटली नाही. आणि हटवायची तरी कशाला? फारसीतलं 'पुर्सीदन' आणि आपलं 'प्रच्छ्' ही सख्खी भावंडं आहेत. जर्मनचं 'फ्रागेन' त्यांचंच. इंग्रजीतल्या 'प्रेयर' चं मूळही तेच. म्हणजे देवाला आळवणं आणि वाट पुसणं यांची आजी एकच!

हे सगळं डोक्यात फिरायला लागलं ते सुरगाण्यामुळे. आमचे काही नातेवाईक तिथे नोकरीनिमित्त होते, तेव्हापासून जाणंयेणं आहे. वणी, बोरगाव करत घाट चढून जावं लागतं. 1948 पर्यंत हे देशमुखांचं छोटं संस्थान होतं. कोकणा, वारली, महादेव कोळी यांचा मुलूख, आणि पलीकडे लगेच डांग. रस्त्यात गुजरातचे जीपवाले भेटतात. एकाला पत्ता विचारला तर म्हणाला, आगळ पूछजो. मला मनातून फार बरं वाटलं. लीळाचरित्रातला शब्द जरा वेगळ्या उच्चारात, तोंडात तंबाखू धरून बोलत होता.

2022 च्या अखेरीस याच तालुक्यातल्या सीमेवरच्या काही गावांनी आम्हाला गुजरातेत जोडा अशी मागणी केली. कारण रस्ते, पाणी, दवाखाना, तेच नेहमीचं. वर्तमानपत्रांतून भाषावाद, अस्मिता, राजकारण यावर बरंच लिहून आलं. मला त्या तक्रारीत भाषेचा वाद कुठे दिसला नाही. पलीकडच्या गावात डांबरी रस्ता दिसतो, आपल्याकडे आजाऱ्याला डोलीत घालून न्यावं लागतं, हे रोज पाहणाऱ्या माणसाचं म्हणणं एवढंच असतं की आम्हाला कोणी पुसत नाही. यातला 'पुसत' कोणता, हे आता वाचणाऱ्याला सांगायला नको. पण मला त्यात दुसराही ऐकू येतो. ज्याला कोणी पुसत नाही, तो नकाशावरून पुसला जायला वेळ लागत नाही, आणि इथे तर गावं स्वतःच म्हणत होती, आमची रेघ पुसा नि पलीकडे ओढा.

गावं अजून महाराष्ट्रातच आहेत. पुढच्या खेपेला गेलो की तिथल्या म्हाताऱ्यांच्या बोलीत 'विचारणे' ला काय म्हणतात ते नीट ऐकून घेणार आहे. वही बरोबर नेईन. आपल्यापैकी कोणाच्या आजी-पणजीच्या तोंडी जुना 'पुसणे' ऐकल्याचं आठवत असेल, तर वाक्यासकट कळवा. कुठल्या गावचं तेही.