जुनी स्पोर्ट्‌स कार मध्येच बंद पडते तेव्हा...

वडनेर भोलजी (जि. बुलडाणा) : मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. अशा वेळी मलकापूर-नांदुरा मार्गावर एखादी जुनी 'एमजीबी' अचानक बंद पडते आणि अर्ध्या तासाने सुरळीत सुरू होते. चालक सुटकेचा नि:श्वास टाकतो. निदानाची संधी मात्र तिथेच हुकते.

१९६२ ते १९८० या काळात निर्मिती झालेल्या या ब्रिटिश गाडीचा असा बिघाड इंजिन गरम असतानाच शोधावा लागतो. गाडी थांबताच प्रथम प्लगची ठिणगी पाहावी. मात्र त्या वेळी आसपास पेट्रोल सांडलेले नसावे. ठिणगी नसल्यास संशय कंडेन्सर किंवा इग्निशन कॉइलवर. हे भाग तापल्यावर दगा देतात, थंड होताच पुन्हा काम करतात.

ठिणगी आहे, पण कार्बुरेटरपर्यंत पेट्रोल येत नाही? 'उन्हाने नळीत वाफ धरली' असे सांगून गॅरेजमध्ये विषय मिटवला जातो. त्याआधी चावी फिरवून मागच्या बाजूच्या विद्युत पंपाची टिकटिक ऐकावी. ती नसेल, तर पंपावर हलकेच ठोकावे. टिकटिक सुरू झाल्यास पंपातील पॉइंट झिजलेले समजावेत. टाकीचे झाकण उघडताच हवा आत शिरल्याचा आवाज आला आणि गाडी सुरू झाली, तर टाकीत हवा जाण्याचा मार्ग बुजला आहे.