मूळ आणि पीळ : बीजगणितातील दोन संज्ञा व मुंबईचे कार्य

क्रमनिरपेक्ष वलयांवरील मॉड्यूलांच्या अभ्यासात ‘रॅडिकल’ आणि ‘टॉर्शन’ या दोन संज्ञा शेजारी शेजारी नांदतात. त्यांची घराणी मात्र निराळी आहेत. पहिलीच्या पोटी लॅटिनमधील ‘मूळ’ या अर्थाचा शब्द आहे. आर्यभटाच्या काळापासून वर्गमूळ आणि घनमूळ म्हणणाऱ्या आपल्या परंपरेला हे रूपक मुळीच परके नाही. भास्कराचार्यांच्या बीजगणितात (इ. स. ११५०) जी मुळे पूर्णांकांत निघत नाहीत त्यांच्यासाठी ‘करणी’ असा स्वतंत्र शब्द आहे. आधुनिक अर्थ याच रूपकाचा विस्तार होय : ज्या घटकांचा कोणता तरी घात आयडियलमध्ये पडतो, अशा सर्व घटकांचा समूह म्हणजे त्या आयडियलचे मूलक. डेव्हिड हिल्बर्ट याच्या १८९३ च्या प्रमेयाने त्यास भूमितीचा आधार दिला. बैजिकदृष्ट्या संवृत क्षेत्रावर दोन आयडियलांची शून्यस्थाने एकच असतात, ती त्यांची मूलके एक असतील तेव्हाच.

दुसरी संज्ञा भूमितीकडून आली. आंरी पॉइंकारे याने १९०० साली स्वतःतच पिळलेल्या अवकाशांचा विचार करताना ‘टॉर्शन गुणांक’ कल्पिले. पुढे हा शब्द आबेली गटांत व तेथून मॉड्यूलांत गेला. शून्येतर गुणकाने गुणताच जो घटक शून्य होतो तो टॉर्शन घटक. मराठीत यास ‘पीळ’ म्हणावयास हरकत नसावी. बुलढाणा जिल्ह्यातील उंद्रीपासून कोकणापर्यंत दोराच्या बाबतीत हाच शब्द समजतो. एक विसंगती तेवढी ध्यानी घ्यावी. म्हणीतला सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. बीजगणितात जळतो तो पीळच.

या दोन संज्ञा ज्या प्रश्नांत खऱ्या अर्थाने एकत्र आल्या, त्यांच्या इतिहासात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे स्थान मोठे आहे. पूर्णांकांवरील सांत-जनित मॉड्यूलात पीळ नसेल तर ते मुक्त असते, म्हणजे त्यास आधार मिळतो. दोन चलांच्या बहुपदींवर हे खोटे ठरते : त्या दोन चलांनी जनित आयडियलात पीळ नाही, तरी ते मुक्त नाही. म्हणून अट कडक करून, एखाद्या मुक्त मॉड्यूलाचा सरळ घटक असलेले ‘प्रक्षेपी’ मॉड्यूल घ्यावे लागते. क्षेत्रावरील बहुपदींच्या वलयावर असे सांत-जनित मॉड्यूल नेहमी मुक्त असते काय, हा प्रश्न झां-पिएर सेर याने १९५५ साली नोंदविला. दोन चलांपुरते होकारार्थी उत्तर सी. एस. शेषाद्रि यांनी १९५८ साली दिले. तेव्हा संस्थेच्या कुलाबा येथील वास्तूचे उद्घाटनही व्हावयाचे होते. ते १९६२ चे. तीन चलांचे उत्तर, क्षेत्र बैजिकदृष्ट्या संवृत असताना, पूर्वी याच संस्थेत असलेले पवमान मूर्ती आणि टाउबर यांनी १९७४ साली दिले. १९७६ साली क्विलेन व सुस्लिन यांनी स्वतंत्रपणे सर्व चलांसाठी प्रश्न सोडविला.

मूलकाचा प्रश्न वेगळ्या वाटेने आला. त्रिमितीतील वक्र दोनच समीकरणांनी सांगता येतो काय? (त³, त⁴, त⁵) हा वक्र घेऊ. अ, ब, क हे सहनिर्देशक मानता त्याचे आयडियल अक = ब², अ³ = बक आणि क² = अ²ब या तीन समीकरणांचे आहे; तिहींपेक्षा कमी जनक त्यास पुरत नाहीत. तथापि ब² − अक = ० आणि क³ − २अ²बक + अ⁵ = ० ही दोनच समीकरणे घेतली तरी बिंदू तेच मिळतात. अ शून्य असता ब व क हेही शून्य होतात. अ शून्य नसता पहिल्यातील क दुसऱ्यात घालावा. डावी बाजू (ब³ − अ⁴)² भागिले अ³ अशी होते. त्या कंसावरील वर्ग म्हणजेच मूलकाचा व्यवहार : आयडियल बदलले, पण त्याचे मूलक बदलले नाही.

सर्व वक्रांबाबत असे घडते काय? वक्र स्थानिकदृष्ट्या दोन समीकरणांचा असेल तर घडते, हे फेरां आणि स्पिरो यांच्या रीतीने कळले. स्पिरो यांची या विषयावरील व्याख्याने टाटा संस्थेतच १९७९ साली प्रसिद्ध झाली. त्या रीतीचा गाभा असा की, मूलक न बदलता आयडियल थोडे बदलावे म्हणजे त्यावर कोटी दोनचे प्रक्षेपी मॉड्यूल आच्छादते. ते मॉड्यूल मुक्त असेल तर दोन जनक हाती येतात. आणि मुक्तपणाची हमी सेरच्या प्रश्नाच्या उत्तरातून मिळते. पिळाच्या शोधातून निघालेले प्रमेय अशा रीतीने मूलकाच्या कामी आले. दोन्ही प्रश्नांवरील कामाचा एवढा भाग एकाच शहरात झाला, हा केवळ योगायोग मानणे बरोबर होणार नाही.

यापुढे कौशिक आणि माधव नोरी या तेथीलच दोघांनी १९७८ साली दाखविले की, अभिलक्षण धन असलेल्या क्षेत्रावर न-मितीय अवकाशातील कोणताही वक्र, त्यास विशेष बिंदू असले तरी, मूलकापुरता न-वजा-एक समीकरणांनी मिळतो. तेथे प-घात घेण्याची क्रिया बेरजेशी जुळते. शून्य अभिलक्षणात ते साधन नाही, आणि विशेष बिंदू असलेल्या सर्व वक्रांसाठी तसे प्रमेय अद्याप सिद्ध झालेले नाही.