हक्क की कर्तव्य? थ्री-नॉट-थ्री आणि आपली माणसं

बंदूक आपल्या समाजाला नवी नाही. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावच्या लढाईत पडलेल्या महार शिपायांची नावं तिथल्या स्तंभावर कोरलेली आहेत. पण १८९२ च्या सुमारास इंग्रजांनी 'लढाऊ जाती'चं खूळ काढलं आणि आपली भरती बंद केली. १८९४ ला गोपाळबाबा वलंगकरांनी, १९१० ला शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज केले. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ ला १११ महार पलटण उभी केली, १९२१ ला मोडली. गरज सरो, वैद्य मरो!

१९४१ मध्ये बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर गेले. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. त्या काळचे पेन्शनर आम्ही लहानपणी पाहिले. देवळालीच्या तोफांचा आवाज आला की त्यांच्या गप्पा सुरू. थ्री-नॉट-थ्री म्हणजे चार किलोचं धूड, दहा गोळ्यांचं मॅगझिन, दर गोळीला बोल्ट मागं ओढायचा, खांद्याला दणका. सांगताना हात आपसूक खांद्यावर जायचा. पण काम झालं की रायफल कोतमध्ये जमा! सुट्टीवर गावी येताना हातात फक्त ट्रंक, आणि गावात पाणवठा वेगळाच.

१९३१ च्या कराची काँग्रेसनं शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला होता. इंग्रजांच्या १८७८ च्या कायद्यावर लोकांचा राग होता ना! तोच हक्क राज्यघटनेत घाला, अशी दुरुस्ती डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामथांनी मांडली. बाबासाहेबांनी ती नाकारली. कोणीही बाजारात जाऊन शस्त्र घ्यायचं ठरवलं तर राज्य चालायचं कसं, असा त्यांचा सवाल. आणि हक्कापेक्षा, वेळ आली तर शस्त्र धरण्याचं कर्तव्य महत्त्वाचं. हे कोण म्हणत होतं? ज्यांच्या काळाराम सत्याग्रहावर १९३० साली याच नाशकात दगड पडले, ते!

आमची तरुण मुलं विचारतात, मग खेड्यातल्या एकट्या घरानं काय करायचं? आम्हाला बाबासाहेबांचं म्हणणं पटतं. ज्याच्याकडे जमीन, पैसा, त्याच्याकडेच बंदुका जास्त जाणार. पण मुलांचा प्रश्न खोटा नाही. म्हणून एवढं वाचून ठेवा: अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९९५ च्या नियमांत, नियम ३ प्रमाणे, अत्याचारप्रवण भागात इतरांचे बंदूक परवाने गरज पडल्यास रद्द करता येतात, बेकायदा शस्त्रं जप्त करता येतात, आणि योग्य वाटल्यास आपल्या माणसांना परवाना देता येतो. अर्ज लेखी करावा, पोच घ्यावी.