पूर्व आशियातील सैन्यांचे मधले हुद्दे : कर्नल नेमका कोणाला म्हणावे?

चीनच्या संरक्षण मंत्रालयाच्या वतीने पत्रकारांपुढे निवेदन करणारा अधिकारी बहुधा ‘ताश्याओ’ या हुद्द्याचा असतो. इंग्रजी वृत्तांत त्याला ‘सीनियर कर्नल’ म्हणतात, तर भारतीय भाषांतील वृत्तांत तो कधी ‘वरिष्ठ कर्नल’, कधी केवळ ‘कर्नल’, तर क्वचित ‘ब्रिगेडियर’ होतो. हा भाषांतराचा किरकोळ गोंधळ वाटला, तरी दोन सैन्यांचे प्रतिनिधी वाटाघाटींना समोरासमोर बसतात तेव्हा हुद्द्याची बरोबरी हा मानाचा आणि अधिकाराचा प्रश्न ठरतो.

मेजरपासून कर्नलपर्यंतचा स्तर हा कोणत्याही स्थलसेनेचा कणा समजला जातो. कॅप्टन व लेफ्टनंट हे त्याखाली आणि जनरल त्यावर असतात. चीन, जपान आणि कोरिया यांनी या स्तरासाठी आपापल्या इतिहासातून वेगवेगळी अक्षरे निवडली. चीनमधील ‘श्याओ’ हे अक्षर हान राजवटीतील ‘श्याओवेई’ या सेनापदात आढळते. जपानमधील ‘सा’ म्हणजे साहाय्यक. प्राचीन राजवाड्याच्या पहारेदलात दुसऱ्या क्रमांकाच्या अधिकाऱ्यासाठी हे अक्षर वापरीत. कोरियातील ‘र्‍यंग’ या अक्षरात नेतृत्वाचा अर्थ आहे. या अक्षरांपूर्वी कनिष्ठ, मध्यम व थोर या अर्थांची उपपदे लावली की हुद्दे तयार होतात. जपानी शाही सैन्यात शोसा, चूसा व ताइसा म्हणजे अनुक्रमे मेजर, लेफ्टनंट कर्नल व कर्नल. दक्षिण कोरियात याच क्रमाने सोर्‍यंग, जुंगन्यंग व देर्‍यंग असे हुद्दे आहेत.

येथवर तीन पायऱ्यांचा हिशेब जुळतो. चीन आणि उत्तर कोरियात मात्र पायऱ्या चार आहेत. चीनमध्ये शाओश्याओ, चोंगश्याओ व शांगश्याओ यांच्यावर ताश्याओ येतो. त्याच्या स्कंधचिन्हावर दोन पट्टे व चार तारे असतात. उत्तर कोरियात सोजवा, जुंगजवा, सांगजवा व देजवा अशी चढण आहे. यातील ‘जवा’ म्हणजे जपानी ‘सा’चेच अक्षर, कोरियन उच्चारात. जपानी सत्तेविरुद्धच्या लढ्याचा वारसा सांगणाऱ्या राजवटीच्या सैन्यात ते टिकून राहावे, हे नवलच. व्हिएतनामच्या ‘ता’ हुद्द्यांतही तेच अक्षर असून तेथेही पायऱ्या चारच आहेत. तैवानमध्ये मात्र ‘श्याओ’ हेच अक्षर असूनही पायऱ्या तीन आहेत. तेथे ताश्याओ नाही.

चौथ्या पायरीचा परिणाम वरच्या स्तरावरही दिसतो. दक्षिण कोरियात कर्नलनंतर एक तारा धारण करणारा ‘जुनजांग’ म्हणजे ब्रिगेडियर जनरल येतो. उत्तर कोरियात हा हुद्दाच नसल्याने देजवानंतर थेट ‘सोजांग’ येतो आणि एक तारा धारण करतो. दक्षिणेकडील सोजांगला मात्र दोन तारे असतात. १४ जून २०१८ रोजी पानमुनजोम येथे उभय कोरियांची जनरल स्तरावरील चर्चा झाली, तेव्हा दक्षिणेचे प्रतिनिधी किम दो-ग्यून सोजांग होते आणि उत्तरेचे आन इक-सान जुंगजांग. हुद्द्यांची नावे भिन्न असली, तरी दोघांच्या खांद्यांवर तारे दोनच होते.

कोरियन युद्धाच्या वेळी तर याहून विलक्षण प्रसंग घडला. युद्धविरामाच्या पूर्वतयारीसाठी ८ जुलै १९५१ रोजी केसाँग येथे संपर्क अधिकाऱ्यांची बैठक झाली. अमेरिकेच्या वतीने कर्नल अँड्र्यू किनी आले होते. चीनच्या स्वयंसेवक सैन्याचे छाय छंगवन यांचा परिचय लेफ्टनंट कर्नल असा करून देण्यात आला. वस्तुतः त्या वेळी चिनी सैन्यात हुद्देच नव्हते! ते १९५५ मध्ये निर्माण झाले आणि १९६५ मध्ये समतेच्या नावाखाली रद्दही करण्यात आले. त्यामुळे १९६२ च्या युद्धात भारतापुढे उभ्या ठाकलेल्या चिनी अधिकाऱ्यांना हुद्दे होते, पण १९७९ मध्ये व्हिएतनामशी लढलेल्यांना नव्हते. गणवेशावरून अधिकारी ओळखण्याची खूण एवढीच, की त्याच्या डगल्याला चार खिसे असत आणि शिपायाच्या डगल्याला दोन. या युद्धात आज्ञा देण्याघेण्यात गोंधळ उडाला. हुद्दे पुन्हा सुरू झाले ते १९८८ मध्ये.

नाव एक असले तरी जबाबदारी एक असेलच असे नाही. भारतीय सेनेत आज पायदळाच्या पलटणीचे नेतृत्व कर्नल करतो. जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात धारातीर्थी पडलेले कर्नल संतोष बाबू हे १६ बिहार पलटणीचे प्रमुख होते. चीनमध्ये बटालियनचा प्रमुख याहून कनिष्ठ हुद्द्याचा असतो. त्या घटनेपूर्वी, ६ जून रोजी, झालेल्या उच्चस्तरीय चर्चेत भारताच्या बाजूने लेफ्टनंट जनरल हरिंदर सिंग होते, तर चीनच्या बाजूने मेजर जनरल ल्यू लिन. तेथे जुळणी हुद्द्यांची नव्हे, तर पदांची केली होती. ताश्याओची भारतीय ब्रिगेडियरशी तुलना पुष्कळशी योग्य ठरते, कारण दोघेही कर्नलच्या वर असून जनरल गणले जात नाहीत. तरीही वृत्तात ‘ब्रिगेडियर’ असे परस्पर लिहिण्यापेक्षा ‘वरिष्ठ कर्नल’ हाच प्रतिशब्द अधिक प्रामाणिक होय. शब्द तोच राहून मान बदलतो, हे मराठी वाचकांना अपरिचित नाही. शिवकाळात गडाचा कारभार पाहणारा हवालदार आणि आजचा हवालदार यांत केवढे अंतर आहे!

या मधल्या फळीने इतिहासही घडविला आहे. १८ सप्टेंबर १९३१ रोजी मुकदेनजवळ लोहमार्गावर स्फोट घडवून मांचुरिया गिळंकृत करण्याचा डाव रचला, तो कर्नल इतागाकी सेइशिरो व लेफ्टनंट कर्नल इशिवारा कांजी यांनी. टोकियोतील सरकारची संमती त्यांनी घेतलेली नव्हती. दक्षिण कोरियातील १९६१ च्या लष्करी उठावाचे सूत्रधार किम जोंग-पिल हे काही महिन्यांपूर्वीच सैन्यातून बाहेर पडावे लागलेले लेफ्टनंट कर्नल होते. त्याच देशात ‘र्‍यंग’ या अक्षराला एक वेदनेची आठवणही आहे. १ ऑगस्ट १९०७ रोजी जपानच्या दबावाखाली कोरियन साम्राज्याचे सैन्य विसर्जित करण्यात आले, तेव्हा सोल येथील बटालियनप्रमुख पार्क संग-ह्वान यांनी आत्महत्या केली. त्यांचा हुद्दा होता ‘चामन्यंग’, म्हणजे मेजर.

इतागाकी यांचा ‘ताइसा’ हा हुद्दा जपानने युद्धोत्तर काळात टाकून दिला. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या स्वसंरक्षण दलात ‘तृतीय सा’, ‘द्वितीय सा’ व ‘प्रथम सा’ अशी क्रमांकित नावे आली. ‘सैन्य’ हा शब्दच वर्ज्य केल्यामुळे पायदळालाही ‘सामान्य शाखा’ म्हटले जाऊ लागले. प्रथम सा या एकाच हुद्द्यात वेतनाच्या तीन उपश्रेणी असून खांद्यावरील चिन्ह मात्र एकच असते. इंग्रजीत या अधिकाऱ्याला पूर्वीप्रमाणे कर्नलच म्हणत असल्याने परदेशात हा बदल जाणवला नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये लिबरल डेमोक्रॅटिक पक्ष आणि इशिन पक्ष यांच्या युतीच्या करारात या हुद्द्यांना आंतरराष्ट्रीय प्रमाणाप्रमाणे रूप देण्याचे कलम समाविष्ट करण्यात आले आणि ‘ताइसा’ हे नाव पुन्हा चर्चेत आले.