लॉस एंजेलिसची बोलकी भिंत

इतिहास बहुधा राज्यकर्त्यांच्या नोंदींतून आपल्यापर्यंत येतो. पोटासाठी परमुलखात गेलेल्या माणसांना त्यात क्वचितच जागा मिळते. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात मात्र अशा माणसांचा इतिहास एका लांबलचक भिंतीवर साकारला आहे, आणि तो रंगवला आहे तेथील तरुण मुलामुलींनी.

शहराच्या सान फर्नांडो खोऱ्यातील तुहुंगा हा ओढा पूरनियंत्रणासाठी काँक्रीटने बांधून काढण्यात आला. १९७४ साली लष्कराच्या अभियंता विभागाने त्या परिसराच्या सुशोभनासाठी जुडिथ बाका या मेक्सिकन वंशाच्या चित्रकर्तीला पाचारण केले. बाका कॅथलिक शाळेत शिकल्या होत्या. पुढे त्याच शाळेत अध्यापन करताना त्यांनी निरनिराळ्या समाजांतील विद्यार्थ्यांना एकत्र आणून भित्तिचित्र करवून घेतले होते. तोच प्रयोग त्यांनी येथे विस्ताराने केला.

१९७६ च्या उन्हाळ्यात कामास आरंभ झाला. पहिल्या तुकडीतील ८० मुले बालगुन्हेगारीच्या प्रकरणांतून आलेली होती. एरवी परस्परांपासून दुरावलेल्या वस्त्यांतील ही मुले येथे खांद्याला खांदा लावून राबली. कामाची मजुरी मिळाली. शिवाय इतिहासतज्ज्ञांकडून आपल्याच पूर्वजांची कहाणी कळली. १९८३ पर्यंतच्या पाच उन्हाळ्यांत ४०० हून अधिक तरुणांनी २,७५४ फूट भिंत रंगवली.

लोहमार्ग बांधणारे चिनी मजूर या भिंतीवर आहेत. १९३० नंतरच्या मंदीत मेक्सिकोला धाडलेली कुटुंबे आहेत. त्यांतील कित्येक जण जन्माने अमेरिकन नागरिक होते. १९४२ पासून छावण्यांत कोंडलेले जपानी वंशाचे लोक आहेत. त्यांची संख्या सुमारे १,२०,००० होती. महामार्गांनी दुभंगलेल्या मेक्सिकन वस्त्याही आहेत. सरकारला अडचणीचा वाटावा असा हा इतिहास! तरीही २०१७ साली राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या सूचीत या भिंतीचा समावेश झाला.

समाजाने ज्यांना वाया गेलेली ठरवले, त्यांच्याच हाती समाजाची आठवण सोपवली गेली, हे आम्हांला या कार्याचे मर्म वाटते. इस्राएल लोकांनाही आपण मिसर देशात परके होतो, याचे स्मरण ठेवण्याची आज्ञा होती. आपल्या धर्मग्रामांतून अनेक जण आखाती देशांत गेले. दूरच्या प्रांतांतील मजूर आपल्या शेजारी येऊन राहिले. या दोघांच्याही कहाण्या आपल्या तरुणांनी वडीलधारी माणसे हयात आहेत तोवर विचारून घ्याव्यात. त्यासाठी रंग आणि भिंत नसली, तरी एक वही पुरेशी आहे.