चाहतीच्या गोष्टीत नायक कोण?

पॉप गायकांवर जीव टाकणाऱ्या मुली आणि त्यांच्या हलक्याफुलक्या प्रेमकथा, असा विषय निघाला की जाणत्या वाचकांचं मत ठरलेलं असतं. या गोष्टी पोरींना मृगजळामागे पळायला लावतात. ज्याला आपलं नावही ठाऊक नाही त्याच्यासाठी झुरण्यात त्यांची उमेदीची वर्षं जातात. हा पूर्वपक्ष आजचा नाही. १९६४ साली लंडनच्या 'न्यू स्टेट्समन'मध्ये पॉल जॉन्सन यांनी बीटल्सभोवती किंचाळणाऱ्या पोरापोरींना त्यांच्या पिढीतली मंद, आळशी, वाया गेलेली मुलं ठरवून टाकलं होतं. साठ वर्षांत शब्द सौम्य झाले, निकाल तोच राहिला.

मला तो मान्य नाही. या कथा नीट पाहिल्या तर गायक बहुधा कोपऱ्यात उभा दिसतो. मध्ये असते ती चाहती, आणि तिच्या हातून होणारं काम.

'रिप्लाय १९९७' ही कोरियन मालिका घ्या. २०१२ मध्ये आली, सोळा भागांची. बुसानची शाळकरी शी-वॉन एच.ओ.टी. या गटातल्या टोनीसाठी वेडी आहे. बाप बेसबॉलचा प्रशिक्षक, पोरीचं हे खूळ पाहून त्याचं डोकं फिरतं. चाहत्यांत एच.ओ.टी.वाल्यांचे फुगे पांढरे, प्रतिस्पर्धी गट जेक्सकिसवाल्यांचे पिवळे, आणि जिवाभावाची मैत्रीण पिवळ्यांकडे गेली की दोघींत उभा दावा. शी-वॉन अभ्यासात मागे, पण वहीवर वही भरून लिहीत असते: आपल्या लाडक्या गायकांना पात्रं करून रचलेल्या गोष्टी. याच लिखाणाच्या जोरावर तिला विद्यापीठात प्रवेश मिळतो आणि पुढे ती दूरचित्रवाणीची लेखिका होते. 'वाया गेलेली वर्षं' म्हणतात ती हीच. लेखकाची उमेदवारी याहून वेगळी काय असते? वाचक मिळवायचे, ते टिकवायचे, पुढच्या भागाची ओढ लावायची, हे सगळं ती सोळाव्या-सतराव्या वर्षी शिकलेली असते.

आणि प्रेम? ते टोनीशी होत नाहीच. ते होतं लहानपणापासून सोबत वाढलेल्या युन-जेशी. शी-वॉन टोनीची बारीकसारीक माहिती जशी जपते, तसं हा मुलगा तिचं सगळं जाणून असतो. मला या कथांचं मर्म इथे सापडतं. चाहती होणं म्हणजे एखाद्याकडे मन लावून पाहणं. जिला असं पाहता येतं, तिच्याकडे तसंच कोण पाहील, हा या प्रेमकथेचा खरा प्रश्न आहे.

'हर प्रायव्हेट लाइफ'मध्ये (२०१९) तोच प्रश्न मोठ्या वयाच्या बाईला पडतो. दिवसा ती कलादालनात क्युरेटर, बाकीच्या वेळी मोठी लेन्स लावलेला कॅमेरा घेऊन गायकाचे फोटो टिपणारी. पाहण्याची नजर दोन्हीकडे एकच. तिच्यावर प्रेम करणारा माणूस तिला हे सोडायला लावत नाही.

यावर कुणी म्हणेल, 'लव्हली रनर'मध्ये (२०२४) तर चाहतीला गायकच मिळतो. खरं आहे, पण कसा, तेही पाहावं. काळात मागे गेलेल्या सोल या चाहतीला कळतं की तो प्रसिद्ध होण्याआधीपासून तिच्यावर प्रेम करत होता. शाळकरी वयात भर पावसात तिने त्याच्या डोक्यावर छत्री धरली, तेव्हापासून. म्हणजे पहिला चाहता तोच.

आक्षेपाला जागा आहे तीही सांगते. ॲना टॉड यांची 'आफ्टर' ही कादंबरी २०१३ मध्ये वॉटपॅड या कथालेखनाच्या संकेतस्थळावर वन डायरेक्शनच्या हॅरी स्टाइल्सला नायक करून सुरू झाली. तिच्यातलं प्रेम छळणारं आहे, आणि ते मोहक करून दाखवणं मलाही खटकतं. मात्र त्या कथेत नायक गायक नाही, कॉलेजातला मुलगा आहे, आणि नायिका कुणाचीच चाहती नाही. लिहिणारी चाहती, एवढंच. त्या कादंबरीचे दोष चाहतीच्या कथेच्या माथी मारणं न्यायाचं नाही.

आपल्याकडेही चाहत्या-चाहत्यांत दुजाभाव चालतो, म्हणून मला याचा राग येतो. बालगंधर्वांची साडी नेसण्याची ढब, त्यांचे दागिने घरंदाज बायकांनी उचलले, ते आपण कौतुकाने लिहून ठेवलं. पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवात पूर्वी शाली लपेटून रात्री जागवणारे, कुणी कुठल्या साली कोणता राग गायला हे तोंडपाठ सांगणारे, ते रसिक. माझी पंधरा वर्षांची भाची शंभर पानी वहीत एका बाजूला कोरियन अक्षरं, समोर देवनागरी उच्चार, तिसऱ्या रकान्यात मराठी अर्थ असे तक्ते करते. तिने चुकलेले उच्चार लाल पेनने दुरुस्त केलेत. गाणी समजावीत म्हणून तिने एक लिपी शिकून घेतली, तरी घरात तिला 'येडी' म्हणतात.

राहिला शेवटचा आक्षेप, हे वेड वयाबरोबर ओसरतं. एच.ओ.टी. २००१ मध्ये फुटला. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यांचे पाचही जण सोलच्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये पुन्हा एकत्र गायले, तेव्हा पूर्वीच्या शाळकरी मुली तिशी ओलांडून आल्या होत्या आणि स्टेडियम पुन्हा पांढऱ्या रंगाने भरलं होतं.