ओल्नीचे दोन मित्र

इंग्लंडमधील ओल्नी या गावचे धर्मोपदेशक जॉन न्यूटन यांनी १ जानेवारी १७७३ च्या प्रवचनासाठी एक गीत रचले. ‘अमेझिंग ग्रेस’ या नावाने ते पुढे जगभर गेले. एके काळी गुलामांच्या जहाजावर कप्तानी केलेल्या आपल्यासारख्या पाप्यावरही ईश्वराची कृपा व्हावी, याचे न्यूटनना जन्मभर नवल वाटे.

त्यांचे शेजारी आणि जिवलग मित्र होते कवी विल्यम कूपर. त्याच हिवाळ्यात कूपरना एक स्वप्न पडले आणि ईश्वराने आपला कायमचा त्याग केला, असा त्यांचा ग्रह झाला. १८०० साली मृत्यू येईपर्यंत तो सुटला नाही.

नवलाची गोष्ट ही की, दोघांचे धर्ममत एकच होते. मनुष्य स्वतःच्या पुण्याईने तरत नाही, कृपेने तरतो. आणि ती कोणावर करावी हे ईश्वराने आधीच ठरविलेले असते, असे संत ऑगस्टीनने पाचव्या शतकात पेलेजियसच्या अनुयायांशी झालेल्या वादात प्रतिपादिले. सोळाव्या शतकात कॅल्विनने तेच मत नेटाने मांडले. १६१८-१९ च्या डॉर्ट धर्मपरिषदेने त्याला नियमांत बांधले. कृपा ही मजुरी नव्हे, देणगी आहे, हे त्यातले मर्म. दुबळ्याला याहून मोठा दिलासा कोणता? पण ‘निवडलेल्यांत माझे नाव असेल काय?’ असे मन विचारू लागले, की त्याच दिलाशाचा फास होतो. म्हणूनच कॅल्विनने बजावले होते की, ईश्वराच्या गुपितात डोकावू नये. आपली निवड ख्रिस्ताच्या आरशात पाहावी.

कूपरच्या दुःखाचा सारा दोष मात्र या मताच्या माथी मारता येत नाही. १७६३ साली, ते स्वीकारण्यापूर्वीच, त्यांच्या मनाचा तोल एकदा गेला होता. त्या वेळी त्यांना सावरले ते कृपेच्या विचारानेच. शिवाय एकदा निवडलेला पुन्हा टाकला जात नाही, असे डॉर्टचे वचन होते. पण त्या नियमाला आपण एकटेच अपवाद, हे कूपरच्या मनाने घेतले होते. तेथे कोणाचाही युक्तिवाद चालेना.

न्यूटननी मग त्यांना आपल्या घरातच ठेवून घेतले. एप्रिल १७७३ पासून वर्षाहून अधिक काळ पतिपत्नींनी त्यांना सांभाळले. १७७९ साली दोघांची गीते ‘ओल्नी हिम्स’ या एकाच पुस्तकात निघाली. कूपरच्या गीतांनी पुढे कितीकांना धीर दिला. त्यांच्या स्वतःच्या वाट्याला मात्र तो धीर आला नाही. आला तो मित्राचा आसरा, आणि तो देताना न्यूटननी त्यांची पात्रता विचारली नव्हती.